शाकाहारी पाहुणी, आठ खुर्च्या आणि माशाचं पाणी

पानावरचे प्रश्न : वाचकांची पत्रं, सांगलीच्या काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, मुलगा ओसाकात नोकरीला आहे. ऑक्टोबरात आम्ही दोघं त्याच्याकडे चाललोय. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्याने क्योटोतल्या एका छोट्या कायसेकी (एकेक पदार्थ करून वाढायची जपानी मेजवानी) हॉटेलात रात्रीचं जेवण ठरवलंय. जागा आठच, माणशी २७ हजार येन. आमचे हे सगळं खातात. मी मांस-मासे खात नाही आणि चातुर्मासात अंडं, कांदा, लसूणही बंद. काय चालत नाही ते आधी लिहून द्या, असं हॉटेलने कळवलंय. हे म्हणतात, "काही लिहू नकोस, परक्याच्या दारात नखरे कशाला? नको ते बाजूला सार." काय करू? आणि खरं सांगा, तिथे पोट भरतं का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, लिहून द्या. हा अंक खाली ठेवा आणि आधी मुलाला फोन करा.

मी सांगलीच्या गावभागात पस्तीस वर्षं पंगती उठवल्या. दोनशे पानांत चार पानं उपासाची आहेत, हे आदल्या दिवशी सांगणाऱ्या यजमानाचा मला कधी राग आला नाही. राग यायचा तो वाढप सुरू झाल्यावर कानाशी येऊन, "काकू, व्याहीबुवांना दाण्याचं कूट चालत नाही हो," म्हणणाऱ्याचा. नखरे त्याला म्हणतात.

आता बाजूला सारण्याचं. वांग्याच्या भाजीतून वांगं बाजूला काढता येतं, फोडणी काढता येत नाही. जपानी स्वयंपाकाची फोडणी म्हणजे दाशी. कोम्बू नावाची जाड समुद्री वनस्पती पाण्यात मुरवायची, ती काढून त्याच पाण्यात कात्सुओबुशीचे काप टाकायचे आणि लगेच गाळून घ्यायचं. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा, उकडून, धुरी देऊन, इतका वाळवलेला की हातात घेतला तर लाकडाचा ठोकळा वाटावा. तो किसतातही सुताराच्या रंध्यासारख्या अवजारावर, रंधा तेवढा उलटा. हे माशाचं पाणी सारात असतंच, शिवाय शिजवलेल्या भोपळ्यात असतं, वांग्यात असतं, बुडवून खायच्या पातळ चटणीत असतं. पानात मासा दिसणार नाही आणि तरी पान शाकाहारी नसेल.

हे मी स्वतः भोगलंय. लेक क्योटोला होती तेव्हा तिने असंच एक ठिकाण ठरवलं आणि कळवताना जपानीत लिहिलं, "आई मांस खात नाही." तिथे मांस म्हणजे चार पायांचं आणि कोंबडीचं. मासा त्या शब्दात येत नाही! झाकणाची वाटी आली, झाकण उचललं, असा सुंदर वास आला की मी अर्धी वाटी पिऊन मगच विचारलं, हे कशाचं? चूक आमचीच होती, पण तो स्वयंपाकी इतका ओशाळला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. सुदैवाने मी कट्टर नाही. माझ्या सासूबाई असत्या तर तिथेच प्रायश्चित्त सुरू झालं असतं.

तेव्हा मुलाला नावं घालून लिहायला सांगा : मांस नाही, कोंबडी नाही, मासे-कोळंबी-शिंपले नाहीत, माशाची दाशी नाही, अंडं, कांदा, लसूण नाही, कोम्बू आणि शिताके अळंब्यांची दाशी चालेल. शेवटचं वाक्य गाळू नका. नुसतं "हे नको, ते नको" वाचून स्वयंपाकी हवालदिल होतो, काय चालतं ते वाचलं की त्याचा हात चालायला लागतो.

एवढं करून ते "जमणार नाही" म्हणाले तर अपमान मानू नका. आठ जणांचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाला एकीसाठी वेगळी दाशी काढणं म्हणजे दुसरी चूल मांडणं आहे. मग बेत बदला. जपानात बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण असतं, शोजिन र्योरी. त्यात मांस-मासे नाहीत आणि गंमत म्हणजे कांदा-लसूणही नाही, चातुर्मास बारा महिने! क्योटोत आराशियामाला तेन्रयू-जी मंदिराच्या आवारात 'शिगेत्सु' आहे, तिथे ते दुपारचं मिळतं. ओसाकाहून कोयासानही रेल्वेने एका दिवसात होतं. कुकाई या भिक्षूने ८१६ साली वसवलेलं डोंगरावरचं ठिकाण, राहायचं तर मठातच, जेवायचं तेही मठातच. तिळाचं टोफू तिथे जरूर खा. नाव टोफू, पण सोयाबीन नसतं. तीळ आणि कुझू नावाच्या कंदाचं सत्त्व घोटून केलेली ती आपली थापलेली खांडवी समजा, फक्त थरथरणारी.

पोट भरण्याबद्दल. कायसेकी या शब्दाचं एक लिखाण 'उराशी धरलेला दगड' असं आहे. झेन भिक्षू भूक मारायला गरम दगड अंगरख्यात पोटाशी धरायचे, त्यावरून ते आलं म्हणतात. सोळाव्या शतकातला चहाचा थोर जाणकार सेन नो रिक्यू, त्याच्या परंपरेत चहाआधीचं हे जेवण म्हणजे एक सार आणि तीन पदार्थ, बस. कडक चहा रिकाम्या पोटी बाधू नये एवढाच हेतू. हॉटेलातलं कायसेकी निराळं, ते लिहितातही निराळ्या अक्षरांनी. मेजवानी आहे ती. दोन-अडीच तास एकेक वाटी, एकेक बशी येत राहते. मला सगळ्यात मजा वाटली ती भाताची. चहाच्या जेवणात घासभर भात सुरुवातीलाच येतो, आपला पहिला वरणभात जणू. हॉटेलात मात्र भात शेवटी, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सार आणि लोणच्याबरोबर, म्हणजे आपला ताकभात. तो बऱ्याच ठिकाणी तुमच्यासमोर मातीच्या भांड्यातून काढतात आणि पुन्हा मागितला तरी चालतो. मी दोनदा मागितला. आधीच्या नाजूक पदार्थांनी भूक चाळवलेली असते, खरं पोट तिथे भरतं.

मधे 'हास्सुन' येईल. देवदारासारख्या सुगंधी लाकडाची चौकोनी पाटी, आठ सुन म्हणजे साधारण २४ सेंटिमीटरची, तिचंच नाव पदार्थाला. मूळ रीत अशी, की तिच्यावर एक चीज समुद्राची आणि एक डोंगराची. साताऱ्याच्या माणसाला हे पटकन कळावं. डोंगर दारात आणि कुंभार्ली उतरलं की समुद्राची हवा. तुम्ही ऑक्टोबरात जाताय, तर अळंबी, चेस्टनट, गिंकोच्या हिरव्या बिया यांचे दिवस आहेत. तुमची पाटी डोंगराचीच असेल आणि त्या महिन्यात त्यात काही कमी नाही.

प्रश्न : काकू, मागच्या अंकात तुम्ही या जेवणाचा ओझरता उल्लेख केलात तेव्हा हिशोब घातला. २७ हजार येन म्हणजे १५-१६ हजार रुपये! एवढ्यात आमच्याकडे लेकीचं केळवण होऊन वर आहेर निघेल. बशीत काय, तर दोन पानं आणि एक काप. हे पैसे कशाचे?
— कराड

उत्तर : थोडे कौतुकाचे, हे कबूल. पण सगळे नाहीत. क्योटोत जुलैमध्ये, गिओनच्या उत्सवाच्या दिवसांत, हामो नावाचा मासा करतात, आपल्या वामसारखा लांबडा. त्याच्या अंगभर बारीक काटे. ते काढता येत नाहीत म्हणून सुरीने कापतात, तीन सेंटिमीटरमध्ये चोवीसएक काप आणि खालची कातडी तुटता कामा नये. कापताना करकर आवाज येतो. मी लेकीच्या बाजूला बसून तो ऐकला आणि माझी पुरणपोळी लाटणारी मनगटं आठवली. त्या हाताचे पैसे आहेत. भांड्यांचेही आहेत. उन्हाळ्यात काच, थंडीत जाड माती, ऋतूगणिक वेगळी, काही तर जेवणाऱ्यापेक्षा वयाने मोठी. आणि आठच माणसांवर रोजचा बाजार उभा असतो. एकाने ऐनवेळी टांग मारली तर आठवा हिस्सा बुडाला. म्हणून ते आधी कार्डाचा नंबर घेतात आणि त्याच दिवशी रद्द केलं तर बहुतेकदा पूर्ण पैसे कापतात.

मला विचाराल तर दुपारी जावं. रात्रीसाठी एवढे पैसे घेणारी काही ठिकाणं दुपारी बऱ्याच कमीत जेवू घालतात, हात तोच. मी परत गेले तर दुपारीच जाईन.

प्रश्न : तिथे काय घालून जावं? टीप किती? काड्यांनी जेवता येत नाही, हसतील का?
— मिरज

उत्तर : हसत नाहीत, मागितला तर चमचा देतात. काड्या भातात उभ्या खोचू नका, तो मेलेल्याचा भात. काडीने काडीला घासही देऊ नका. दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

टीप नाही. ठेवलीत तर धावत परत आणून देतील.

मोजे नवे घाला, बूट काढावे लागतील. अत्तर-सेंट अजिबात नको, आठ माणसांच्या खोलीत एकाचा सेंट सगळ्यांच्या सारात उतरतो. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढून जा. वाट्यांवर झाडाच्या चिकाचं रोगण असतं, ओरखडा उठला की गेली. माझ्या पाटल्या निघेनात, तर लेकीने रुमाल गुंडाळला मनगटाला! सुरुवातीला येणारा ओला रुमाल हातांसाठी असतो. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांसारखी त्याने मान पुसू नका. (जपानीच होते ते, पण म्हणून काय.)

वेळेवर जा. पाच मिनिटं आधी ठीक, अर्धा तास आधी नको. निघताना स्वयंपाकी दारापर्यंत येतो आणि तुम्ही गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत वाकून उभा राहतो. तेव्हा तिथे रेंगाळून फोटो काढत बसू नका, बिचाऱ्याची पाठ दुखते.