पगार कमी, म्हणून मूल जाईल का?

"मॅडम, मला महिन्याला नऊ हजार, त्यांना चाळीस. कोर्ट पोरगं त्यांनाच देणार की ओ?" सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या, विड्या वळणाऱ्या आया नवऱ्यापासून वेगळं होताना मुलाच्या ताब्याचा हाच घोर घेऊन माझ्याकडे येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही आई शिलाई कारखान्यातली, मुलगा आठ वर्षांचा. नवऱ्याच्या चुकांनी भरलेली वही घेऊन आली होती. मारहाण असेल तर ती तारखा आणि दवाखान्याच्या कागदांसह सांगायलाच हवी. इथे तसं नव्हतं. मी वही मिटायला लावली. "मुलाचा कालचा दिवस लिहून आणा, उठल्यापासून झोपेपर्यंत."

दोन पानं आली. धुळीनं दमा उठतो, पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. शाळा सुटल्यावर सातपर्यंत मावशीकडे. वाचताना ती एका ओळीवर अडली. "गणित पप्पाच घेतात, फोनवरून. ते तुटलं तर त्याला जड जाईल."

बराच वेळ ती गप्प होती. तोवर 'मूल कोणाचं' एवढंच चाललं होतं. आता 'मुलाला काय लागतं' सुरू झालं. माझ्या मते खरी तयारी इथूनच होते, कारण न्यायाधीशही तेच शोधतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, कलम १३: मुलाचं कल्याण सर्वांत वर. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. त्यापुढे वय, पालकाचं वागणं, सांभाळायची ऐपत, आजवरचा लळा, सगळं पाहतात. ऐपत म्हणजे नुसता पगार नव्हे. पैशाची तूट मुलाच्या पोटगीनं भरता येते. तुम्ही कामावर असताना मूल कोणाजवळ असतं, याचं उत्तर मात्र पक्कं हवं. शाळेची हजेरी, पालकसभेच्या सह्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून वकिलांकडे द्या.

घात होतो तो पढवण्यानं. समजत्या मुलाशी न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये एकट्यानं बोलतात. आठ वर्षांच्या तोंडून 'मानसिक छळ' निघाला की शब्द कोणाचे ते कळतं. मुलाचं मत ऐकतात, पण तेवढ्यावर निकाल देत नाहीत. भेटी अडवणंही अंगाशी येतं. आणि ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती पालटली तर बदलून मागता येतो.

तिनं वकिलांना सांगून अर्जात स्वतःहून भर घातली: रविवारी दहा ते सहा वडिलांकडे, बुधवारी गणिताचा फोन. पंप सोबत, पुढच्या कप्प्यात.