जुनं घर दुरुस्त करून विकायचं असेल, तर खरेदीला जास्तीत जास्त किती द्यावेत?

दुरुस्तीनंतर घर ज्या किमतीला विकलं जाईल तिचे 70 टक्के काढा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेच्या वर जाऊ नका. तयार घराचे 100 येणार असतील आणि कामाला 20 लागणार असतील, तर खरेदी 50 च्या आत. या धंद्यात सर्रास वापरला जाणारा हा ठोकताळा आहे. बाजूला ठेवलेले 30 टक्के म्हणजे निव्वळ नफा नव्हे; नोंदणी, दलाली, कर, विमा आणि घर विकलं जाईपर्यंत दरमहा चढणारं व्याज त्यातूनच जातं. नवखे लोक हे व्याजच विसरतात.

विक्रीची किंमत जाहिरातींवरून धरू नका, तिथे मालकाची अपेक्षा लिहिलेली असते. त्याच भागातल्या, तेवढ्याच आकाराच्या घरांचे अलीकडचे प्रत्यक्ष व्यवहार बघा. दुरुस्तीचा आकडा काढण्याआधी जाणकाराकडून एवढं तपासून घ्याच:

- पाया आणि भिंतींतल्या तिरक्या भेगा
- छताची गळती, ओल
- जुनं वायरिंग
- सांडपाण्याची लाइन

रंग-फरशीचा खर्च आधी मोजता येतो, भिंतीआडचा येत नाही. म्हणून अंदाजावर 10 ते 20 टक्के राखीव धरा.

मात्र 70 हा आकडा दगडावरची रेघ नाही. काम किरकोळ असेल आणि घरं पटापट विकली जात असतील तर थोडं वर जाता येतं. बाजार थंड असेल तर 65 सुद्धा जास्त ठरू शकतात. कागदपत्रं स्वच्छ नसतील, तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते घर सोडून द्या.