दोन फुटांच्या टाकीत कोण कोणासोबत?

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर आम्ही काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. फिल्टर, हीटर, दिवा, खडी सगळं आहे आणि पाणी भरून दोन दिवस झालेत. मुलीने यादी केली आहे : दोन गोल्डफिश, दोन एंजल, दोन नियॉन टेट्रा, चार गप्पी, एक फायटर आणि काच साफ ठेवायला एक सकर. विक्रेता म्हणाला, सगळे लहान आहेत, छान राहतील. खरंच राहतील का? नाही तर यातले कोणते ठेवावेत?

उत्तर : मुलीने एकेक मासा बघून, आवडून निवडलाय हे यादीवरून कळतं, आणि ते मला फार आवडलं. पण हे सहा प्रकार एका टाकीत राहू शकणार नाहीत. विक्रेता म्हणतो तसे ते आज लहान आहेत, कारण दुकानात असतात ती बहुतेक पिल्लंच. तीन इंची सकर पुढे फूटभर आणि त्याहून मोठा होतो. तुमची टाकी फूटभर रुंद आहे, म्हणजे त्याला वळायलाही जागा उरणार नाही. गोल बांध्याचे गोल्डफिश सहा-आठ इंचांपर्यंत जातात, लांब अंगाचे त्याहूनही मोठे होतात, आणि नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षं जगतात. एंजलचं नुसतं अंग सहा इंचांपर्यंत वाढतं, वरचे-खालचे पर धरले तर उंची आणखी जास्त. खडी आणि वरची मोकळी जागा सोडून तुमच्या टाकीत पाणी उरतं दहा इंचांच्या आसपास. हे तिन्ही मासे यादीतून काढा. मुलीला वाईट वाटेल, पण तिला त्यांचे पूर्ण वाढलेले फोटो दाखवा, तिला पटेल.

एंजलबद्दल आणखी एक गोष्ट. वाढलेला एंजल नियॉन गिळतो. त्यात रागबिग काही नसतं. नियॉन जेमतेम दीड इंचाचा, सडपातळ, आणि तोंडात मावतो तो घास, एवढाच माशांचा हिशेब. म्हणून दोन मासे एकत्र ठेवायचे की नाही हे ठरवताना मी नेहमी मोठ्याचं पूर्ण वाढीनंतरचं तोंड आणि लहानाची जाडी डोळ्यांसमोर आणते.

आता पाणी. नवखे लोक मासे भांडतील का एवढंच विचारतात, पण न भांडताही मासे एकमेकांसाठी चुकीचे असू शकतात. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, २० अंश सेल्सिअसच्या आसपास. फायटरला २५ ते २८ अंश लागतात. एकाला बरं वाटेल असं तापमान ठेवलं की दुसरा रोज थोडा थोडा झिजतो. गप्पीला जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, किंचित अल्कधर्मी पाणी हवं, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७ ते ८. नियॉन मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. आज विकले जाणारे नियॉन बहुतेक पैदास केंद्रातले असल्यामुळे ते थोडंफार जुळवून घेतात, पण फार जड पाण्यात त्यांना ठेवू नये असंच माझं मत आहे.

तेव्हा मासे निवडण्याआधी तुमचं पाणी ओळखा. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो का? धरत असेल तर पाणी जड आहे. पीएच आणि जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरा. रसायनं घालून पाणी माशाजोगतं करण्याच्या फंदात पडू नका; ती पातळी वरखाली होत राहते आणि माशांना त्याचाच जास्त त्रास होतो. पाणी आहे तसं ठेवा आणि त्याला मानवणारा मासा आणा.

तुमची टाकी मोजमापाने सुमारे ५७ लिटरची. खडी आणि वरची जागा वजा जाता खरं पाणी ४५ लिटरच्या घरात.

पाणी जड निघालं तर गप्पी घ्या. सहा घ्या आणि सगळे नर घ्या. रंग नरांनाच असतात आणि पिल्लांचा प्रश्न उद्भवत नाही. तळाला सहा ब्राँझ कोरिडोरास ठेवा. हा लहानसा, अंगावर ढालीसारख्या पट्ट्या असलेला शांत मासा दिवसभर मिशांनी तळ चाळत फिरतो. त्यासाठी खडी काढून बारीक वाळू घाला, कारण धारदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. मधूनच तो बाणासारखा वर येऊन हवेचा घोट घेऊन जातो. ते पाहून घाबरू नका, त्याला आतड्यातूनही हवा शोषता येते.

पाणी मऊ असेल तर आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा आणि हनी गोरामीची एक जोडी. माझी स्वतःची आवड हीच. हार्लेक्विनच्या तांबूस अंगावर मागच्या अर्ध्या भागात काळा त्रिकोण असतो, आणि सगळा घोळका एकदम वळतो तेव्हा ते सगळे त्रिकोण एकाच दिशेला होतात. गोरामी त्यांच्यामधून सावकाश फिरतो, छातीकडच्या दोऱ्यासारख्या परांनी पानं चाचपत. दोघांचा वेग वेगळा, पण कोणी कोणाला त्रास देत नाही. मुलीला नियॉनच हवे असतील तर हार्लेक्विनऐवजी आठ नियॉन चालतील, मात्र ते टाकी दोन-तीन महिने रुळल्यावर आणा. नव्या टाकीत नियॉन फार मरतात.

यादीत दोन नियॉन आहेत, ते मात्र नको. प्रत्येक प्रकाराची एकेक जोडी ही नव्या टाकीत सर्रास दिसणारी गोष्ट, आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. नियॉन, रासबोरा, कोरिडोरास, झेब्रा (पट्टेदार झेब्रा डॅनिओ) हे घोळक्याचे मासे आहेत. सहापेक्षा कमी असले की ते पानाआड दबून बसतात, रंग फिका पडतो, खाणं कमी होतं. टायगर बार्बचं उलटं होतं : दोन-तीनच असले तर ते दुसऱ्यांचे पर कुरतडतात, आठ-दहा असले तर त्यांची पाठलागाची हौस आपसांत भागते. तरीही लांब शेपटीच्या माशांसोबत टायगर बार्ब ठेवू नका. प्रकार दोनच, पण घोळका भरपूर. बघायलाही अशी टाकी जास्त सुंदर दिसते.

फायटर आणि गप्पी एकत्र नकोत. गप्पी नराची पसरलेली रंगीत शेपटी फायटरला दुसऱ्या फायटर नरासारखी वाटू शकते, मग तो तुटून पडतो. शांत स्वभावाचा फायटर निघाला तर गप्पीच त्याचे लोंबते पर टोचतात. झेब्रा चिवट आणि गुणी मासा आहे, पण फार चपळ. गोरामीसोबत ठेवलात तर सगळं खाणं तोच पळवतो.

सकरऐवजी दिवा सहा ते आठ तासच लावा, टाकी थेट उन्हात ठेवू नका आणि काच स्पंजने पुसा. मोठा झालेला सकर शेवाळ कमी खातो आणि विष्ठा ढीगभर टाकतो.

आणि पाणी भरून दोनच दिवस झालेत, तेव्हा अजून एकही मासा सोडू नका. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू त्याचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. मधलं नायट्राइटही घातकच, रक्तातून प्राणवायू नेण्याचं काम ते बिघडवतं. हे जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात आणि लोक माशांना दोष देतात, त्यामागे बहुधा हेच असतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही त्यात अमोनिया असू शकतो. फिल्टर दिवसरात्र चालू ठेवा, माशांच्या खाण्याची चिमूट रोज टाकत राहा; ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील. नायट्रेट चढलेलं दिसेल, तेव्हा निम्मं पाणी बदला आणि एक घोळका आणा. दुसरा घोळका दोन-तीन आठवड्यांनी. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालून, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रश्न : माझ्याकडे छोट्या गोल भांड्यात एक फायटर आहे. एकटा कंटाळत असेल असं वाटतं. त्याला सोबत काय द्यावी?

उत्तर : सोबत देऊ नका, जागा द्या. फायटर नर आपला इलाखा राखून राहणारा मासा आहे, एकटेपणा त्याला जाचत नाही. दुसरा नर आणलात तर ते एकमेकांना फाडतील, मादी आणलीत तर तिचे हाल होतील. कल्ल्यांजवळच्या खास अवयवामुळे तो पृष्ठभागावरची हवा घेऊ शकतो, म्हणून भांड्यात तग धरतो, आणि म्हणून त्याला तेवढंच पुरतं असा समज झाला. किमान वीस लिटरची झाकणाची टाकी, मंद फिल्टर, गरजेप्रमाणे हीटर आणि वरपर्यंत आलेल्या रुंद पानांच्या वनस्पती द्या. पृष्ठभागाजवळच्या पानावर तो विसावलेला दिसेल.

प्रश्न : गप्पीची एकच मादी आणली होती, टाकीत नर नाही. तरी दुसऱ्यांदा पिल्लं झाली. असं कसं?

उत्तर : मादी नराचं बीज शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकदा मीलन झालं की साधारण महिन्या-महिन्याने पिल्लं होत राहतात. दुकानात नर-मादी एकत्रच असतात, तुमची मादी येतानाच भरलेली होती. दाट वनस्पती असतील तर काही पिल्लं आईच्या तोंडून वाचतात. तीन-चार आठवड्यांची झाली की त्यांना नीट न्याहाळा : ज्यांच्या पोटाखालचा पंख्यासारखा पर निमुळता, काडीसारखा होऊ लागलाय ते नर. त्यांना लगेच वेगळ्या टाकीत हलवा. आणि पिल्लं जास्त झाली म्हणून नदी-तळ्यात सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांवर ती भारी पडतात; टाकी असलेल्या ओळखीच्यांना द्या.