इंजिनचं काम करावं की साडेसोळा हजारांचा हप्ता घ्यावा?

प्रश्न : आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. गाडी 2015 ची, पेट्रोल, 1.2 लिटर, चार सिलिंडर, 1 लाख 10 हजार किलोमीटर चाललेली. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते, कूलंटही कमी होतं. मेकॅनिकने हाफ इंजिनचे (इंजिन उघडून रिंग-पिस्टनचं काम) 65 हजार सांगितले. शोरूम गाडीचे 2 लाख देतंय. नवी तीन सिलिंडरची टर्बो 11 लाखांना पडते : 1 लाख एफडीतून, 8 लाख कर्ज. पगार हातात 62 हजार, घराचा हप्ता 18,500, मुलगी दहावीत. काय करावं?

उत्तर : नवी गाडी आत्ता नको. पण 65 हजारही लगेच देऊ नका.

8 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 16,607 रुपये, म्हणजे व्याजच 1 लाख 96 हजार. घराचा हप्ता मिळवला की 35,107. पगाराचा निम्म्याहून जास्त भाग हप्त्यांतच संपेल. मुलगी कॉलेजला जाईल तेव्हा या कर्जाची तीन वर्षं उरलेली असतील. मला खरी काळजी याचीच वाटते.

आता इंजिन. ऑइल आणि कूलंट दोन्ही कमी होतंय म्हणजे रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि पिस्टन गेलेच, असं नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (इंजिनच्या झडपांचे रबरी सील) घ्या. चालताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर रिंगवर. मेकॅनिककडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्या आणि आकडे लिहून मागा. चारांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग). शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दिसले तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलेलं असतं.

कूलंटसाठी रेडिएटरची प्रेशर टेस्ट वेगळी करा. होज, वॉटर पंप किंवा रेडिएटर गळत असेल तर इंजिन उघडायची गरजच नाही. नागपुरात बरेचजण कमी झालेलं कूलंट बोअरवेलच्या पाण्याने भरतात. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि मे महिन्यात पारा 45 वर असताना एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की इंजिन तापतं. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की खर्च खरोखर मोठा. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मेनिम्मे, आणि रेडिएटरचं झाकण नवं, एवढं आजच करा.

या तपासण्या इंजिन उघडण्याआधीच करायच्या, कारण उघडून ठेवलेल्या इंजिनाच्या गाडीला कोणी 2 लाख देणार नाही. नुसते व्हॉल्व्ह सील आणि होज निघाले तर बिल 65 हजारांच्या जवळपासही जाणार नाही. रिंगच गेल्या असतील तर 65 हजारांत वॉटर पंप, थर्मोस्टॅट, हेडचं फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं) आहे का, हे लेखी घ्या, आणि वर 15 हजार राखून ठेवा. 80 हजार म्हणजे पाच हप्तेसुद्धा नाहीत.

चार सिलिंडर टिकाऊ आणि तीन कच्चे, हा हिशेब मी धरलेला नाही. चारात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, तिनात दर दोन-तृतीयांश फेऱ्याला, म्हणून चारचं इंजिन गुळगुळीत वाटतं, इतकंच. टर्बोला समृद्धी महामार्गावर ओव्हरटेक करताना जोर जास्त, पण कंपनीने सांगितलेलं ऑइल वेळेवर बदलणं तिथे सक्तीचं. तुमची गाडी ई-20 पेट्रोलसाठी (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) बनलेली नाही. मायलेज थोडं घटेल, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या रबरी नळ्या बघायला सांगा.

हप्ता वाचला म्हणून तो खर्चू नका. महिन्याला 15 हजारांची आरडी (रिकरिंग डिपॉझिट) 6.5 टक्क्यांनी 3 वर्षं चालवली तर 5 लाख 97 हजारांच्या आसपास जमतील. नोंदणीची 15 वर्षं 2030 मध्ये भरतील, तोवर गाडीही चालेल आणि पुढच्या गाडीचं कर्ज निम्म्यावर येईल.

हेड काढल्यावर बोअरला खोल ओरखडे दिसले किंवा क्रँकच्या बेअरिंगचा आवाज असेल, आणि बिल 1 लाखाच्या पुढे जात असेल, तर काम तिथेच थांबवा. उघडण्याची मजुरी द्या, गाडी आहे तशी विका आणि 4-5 लाखांपर्यंतची वापरलेली, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली गाडी बघा. तिचंही कॉम्प्रेशन घेण्याआधी मोजून घ्या.