एसईओ किती अवघड? तुमच्या तेलघाण्याच्या वेबसाइटपुरतं सांगतो

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लातूरजवळ तुमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई आणि तिळाचं तेल काढता. दोन वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली, गेले पाच महिने एका एजन्सीला एसईओचे, म्हणजे गूगलच्या शोधात वेबसाइट वर दिसावी यासाठीच्या कामाचे, महिना बारा हजार देताय. ‘पहिल्या पानावर आणतो’ असं ते म्हणाले होते, पण वेबसाइटवरून अजून एकही ऑर्डर नाही. एसईओ खरंच इतकं अवघड असतं की आपल्याला फसवतायत, असं तुम्ही विचारलंय.

पाच महिन्यांत काही दिसलं नाही, एवढ्यावरून फसवणूक म्हणता येणार नाही. सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलनेच २०१७ साली एका व्हिडिओत सांगितलं होतं. खटकतं ते आश्वासन. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शक पानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय पहिलं पान म्हणजे नेमकं कोणत्या शोधाचं? ते एजन्सीने सांगितलं होतं का? काम किती अवघड आहे हे यावरच ठरतं.

‘शेंगदाणा तेल’ एवढंच कोणी शोधलं, तर तुमच्यासमोर अमेझॉन, बिगबास्केट, मोठे तेलाचे ब्रँड आणि आरोग्यविषयक मोठ्या वेबसाइटी असतात. तिथे पोचणं तुमच्या आकाराच्या व्यवसायाला जवळपास अशक्य आहे, आणि त्या वाटेला जाऊही नका. ‘लातूर लाकडी घाणा तेल’ असं शोधणाऱ्यासमोर मात्र तुमच्यासारखेच चार-दोन घाणे आणि जस्टडायलसारख्या याद्या असतात. तिथे थोडं नीट काम केलं तर जागा मिळते. आणि ‘घाण्याच्या तेलाला तळताना फेस का येतो’, ‘बाटलीच्या तळाशी गाळ बसलाय, तेल खराब झालं का’, ‘पाच किलो दाण्यातून किती तेल निघतं’ असल्या प्रश्नांवर मराठीत धड लिहिलेलं फारच थोडं आहे. म्हणजे एकाच वेबसाइटसाठी एक शोध डोंगराएवढा अवघड आणि दुसरा अगदी आवाक्यातला. एजन्सीने तुमच्यासाठी कोणते शोध निवडलेत हे त्यांना विचारा. उत्तरात फक्त ‘शेंगदाणा तेल’ आणि ‘शुद्ध तेल’ असं आलं, तर पैसे कुठे जातायत ते तुमच्या लक्षात येईल.

ही चौकशी करण्याआधी एक गोष्ट आजच तपासा. गूगलमध्ये रोमन लिपीत ‘साइट’, त्याला जोडून कोलन (:), आणि त्यालाच जोडून तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. मध्ये जागा सोडू नका. एकही पान दिसलं नाही तर बहुधा मूळ दारच बंद आहे. तुमची साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनावर असेल, तर सेटिंग्जमधल्या रीडिंग या पानावर, सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये असं सांगणारी एक चौकट असते. साइट बनवताना डेव्हलपर ती टिक करून ठेवतात आणि काम संपल्यावर काढायची राहून जाते. महिनोन्‌महिने एसईओचे पैसे भरले जातायत आणि ती टिक तशीच आहे, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

त्यानंतर सर्च कन्सोल. हे गूगलचं फुकट साधन आहे आणि तुमच्या वेबसाइटबद्दल गूगल काय जाणतं ते तिथे दिसतं. लोकांनी काय शोधल्यावर तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या जागी होतं, हे सगळं सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन बघता येतं. ते तुमच्या स्वतःच्या गूगल खात्याला जोडलेलं आहे का? नसेल तर एजन्सीकडून मालक म्हणून प्रवेश मागा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे तेही बघून घ्या. डोमेन एजन्सीच्या नावावर आणि सर्च कन्सोल एजन्सीच्या ईमेलवर असेल, तर उद्या त्यांच्याशी बिनसलं की वेबसाइट तुमची राहत नाही. लहान व्यवसायांचं सर्वांत मोठं नुकसान मी इथेच होताना पाहिलंय. आधी ही मालकी तुमच्याकडे घ्या, बाकी सगळं नंतर. द्यायला कोणी टाळाटाळ करू लागलं, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं असं समजा.

सर्च कन्सोलमध्ये पानांचा एक अहवाल असतो. त्यात काही पानांपुढे ‘शोधलं पण अजून इंडेक्स केलं नाही’ आणि काहींपुढे ‘वाचलं पण अजून इंडेक्स केलं नाही’ अशा अर्थाचे शेरे असतात. इंडेक्स म्हणजे गूगलने शोधात दाखवण्यासाठी ठेवलेली पानांची सूची. पहिल्याचा अर्थ, पत्ता कळलाय पण गूगल अजून तिथे गेलेलं नाही. दुसरा शेरा जास्त बोलका आहे. गूगल आलं, पान वाचलं आणि ठेवलं नाही. लहान साइटवर याचं कारण बहुतेक वेळा पानावर काहीच नसणं हे असतं. ‘१०० टक्के शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक पद्धतीने काढलेलं’ हे वाक्य प्रत्येक घाण्याच्या प्रत्येक पानावर आहे. गूगलने तुमचंच पान का ठेवावं?

इथे खरं अवघड काम सुरू होतं, आणि ते तांत्रिक अजिबात नाही. एक लिटर शेंगदाणा तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, पेंड विकून त्यातले किती पैसे सुटतात, म्हणून तुमचं तेल रिफाइंडपेक्षा महाग का, हे तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडी रोज सांगत असाल. दाणे कुठल्या बाजारातून घेता, ओलावा जास्त असला तर काय होतं, करडईचं तेल गाळायला किती दिवस ठेवता, उन्हाळ्यात तेल किती टिकतं, हे तुमच्याशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही. एजन्सीतल्या मुलाने आयुष्यात घाणा पाहिलेला नसेल. तो इंटरनेटवरचं, नाहीतर हल्ली एआयकडून आलेलं तेच ते लिहिणार. बैठकीत बसून हे लिहायला वेळ नाही हे मला कळतं. फोनवर बोलून रेकॉर्ड करा, घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला उतरवून घ्यायला सांगा. भाषा तुमचीच राहू द्या.

मराठी वेबसाइटींची एक अडचण इंग्रजी सल्ल्यांमध्ये सहसा सापडत नाही. तुमचं माहितीपत्रक छापखान्यातून आलं असेल आणि तीच पीडीएफ साइटवर टाकली असेल, तर तिचा फाँट जुन्या पद्धतीचा असण्याची शक्यता मोठी आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, आत मात्र भलतीच अक्षरं असतात. पानावरचा एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा. तिथे मराठी उमटलं नाही, तर तो मजकूर गूगलसाठीही मराठी नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, पुन्हा घालावा लागेल. दरपत्रक चित्र म्हणून टाकलं असेल तर तेही टाइप करून घाला. आणि आपले बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, शिवाय कोणी करडई म्हणतं, कोणी करडी. उत्पादनाच्या पानावर ही रूपं एकेकदा नैसर्गिकपणे येऊ द्या. वीस वेळा कोंबू नका, त्याने पान वाचवत नाही आणि उपयोगही होत नाही.

आता एजन्सीचे अहवाल काढा आणि त्यात काय लिहिलंय ते बघा. ‘मेटा कीवर्ड टाकले’ (म्हणजे पानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणारे शोधशब्द) असं असेल, तर क्रम लावताना आपण ते वापरत नाही हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय. ‘या महिन्यात ३०० बॅकलिंक्स’, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटींवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका, असं असेल तर आणखी सावध व्हा. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल सुरू केलं तेव्हा त्यांची मुख्य युक्तीच ही होती की, ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं. साहजिकच लिंका विकण्याचा धंदा सुरू झाला. त्याला आवर घालायला एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आला. २०१६ पासून तर गूगल अशा बनावट लिंका बहुतेक वेळा मोजतच नाही. म्हणजे त्या ३०० लिंकांचे पैसे वाया गेले, आणि प्रकरण जास्तच उघड असेल तर माणसांकडून तपासणी होऊन कारवाईही होते. बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट २००६ साली गूगलने, लिंकांसाठी नव्हे तर फसव्या पानांसाठी, काही दिवस काढून टाकली होती. अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीला २०११ साली विकतच्या लिंकांपायी मागे ढकललं होतं. तुम्हाला लिंक हवी असेल तर तुमच्याकडून माल घेणारी मंडळी, तुमचं तेल ठेवणारी दुकानं, बचतगट यांच्या वेबसाइटवर तुमचं नाव येऊ द्या. अशा चार लिंका पुरतात.

लातूर आणि आसपासच्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाइटपेक्षाही गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद, जास्त उपयोगाचं आहे, आणि ते फुकट आहे. पडताळणी करून घ्या, योग्य प्रकार निवडा, वेळ बरोबर लिहा, घाण्याचे खरे फोटो टाका, आणि तेल आवडलेल्या गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायची विनंती करा. दुकानाच्या नावात ‘बेस्ट शुद्ध तेल लातूर’ असं जोडू नका, ते नियमाविरुद्ध आहे. नकाशातल्या यादीत शोधाशी तुमचा संबंध, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि तुमची प्रसिद्धी या तीन गोष्टी बघितल्या जातात. अंतर तुमच्या हातात नाही. पुण्यात बसून ‘घाण्याचं तेल’ शोधणाऱ्याला लातूरचं प्रोफाइल दिसणं कठीण, त्याच्यापर्यंत पोचायला वर सांगितलेली पानंच लागतील.

वेगाबद्दल थोडक्यात. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. तुमच्या पहिल्या पानावर फोनमधून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो असतील तर ते लहान करून घ्या. वेग मोजणाऱ्या साधनांच्या गुणपत्रिकेत शंभरपैकी शंभर मिळवण्यामागे लागू नका.

एक गोष्ट मात्र खरंच अवघड आहे आणि ती मी गोड करून सांगणार नाही. सगळं नीट केलं तरी खात्री नाही. नियम बदलत राहतात. फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा नावाचा बदल आला, ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकुरा’चा बदल आला आणि मार्च २०२४ मध्ये तो गूगलच्या मुख्य पद्धतीतच मिसळला. यात प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या कितीतरी छोट्या वेबसाइटींचे वाचक गेले. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण गूगलने सांगितलेलं सगळं त्यांनी पाळलं होतं. त्यात ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर दिसू लागलं. ‘तेलाला फेस का येतो’ याचं उत्तर वाचून माणूस तिथूनच परत जाऊ शकतो.

मग ती पानं लिहायची कशाला? तुम्ही माहिती विकत नाही, तेल विकता, म्हणून. ज्याला विकत घ्यायचंय त्याला दुकान, दर आणि विश्वास हवा असतो, आणि तो एआयच्या चार ओळींत मिळत नाही. तीच पानं तुम्ही व्हॉट्सॲपवर नव्या गिऱ्हाइकाला पाठवू शकता. गूगलवरून रोज शंभर माणसं येतील अशी आशा धरू नका. महिन्याला मोजकी का होईना, घ्यायच्या तयारीने आलेली माणसं हवीत. आणि ती आली तरी ऑर्डर कशी द्यायची, पोचवायचा खर्च किती, एफएसएसएआय परवान्याचा क्रमांक कोणता, हे पानावर नसेल तर ती परत जातील. एकही ऑर्डर नाही याचं कारण एसईओ नसून हेही असू शकतं, म्हणून एकदा अनोळखी माणसाच्या हातात फोन देऊन त्याला तुमच्या साइटवरून एक लिटर तेल मागवायला सांगा आणि तो कुठे अडतो ते बघा.

महिना बारा हजार मी तरी देणार नाही. वीस-पंचवीस पानांच्या साइटवर दर महिन्याला एवढं काम नसतंच. जाणकार माणसाकडून एकदा साफसफाई करून घ्या आणि उरलेले पैसे चांगले फोटो आणि लिखाण यावर घाला. पुढे वेबसाइट नव्याने बांधायची वेळ आली, तेव्हा मात्र जाणकार जरूर घ्या. जुन्या पानांचे पत्ते नव्या पत्त्यांवर कायमचे वळवले नाहीत, तर तोवर मिळवलेलं एका दिवसात जातं. हजारो उत्पादनं असलेलं दुकान, किंवा गूगलची कारवाई झालेली साइट, ही कामंही घरी करण्यासारखी नाहीत.

सर्च कन्सोलचा प्रवेश मिळाला की गेल्या तीन महिन्यांच्या शोधांची यादी इथे टाका, त्यात खाजगी असं काही नसतं. कोणत्या शोधांवर तुम्ही आधीच दहाव्या ते तिसाव्या जागेच्या दरम्यान दिसताय ते बघून, पहिली तीन पानं कोणती लिहायची ते मी सांगतो.