विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा विद्यार्थी नसलेल्या माणसाला काय उपयोग? आत तरी सोडतात का?

सोडतात. आणि नाही सोडलं तर लेखी विचारा की कुठल्या नियमाने सोडत नाही, बहुतेक वेळा तसा नियमच नसतो, गेटवरच्या माणसाची सवय असते.

तुम्ही लिहिलंय की आजोळच्या घरात मोडी लिपीतले जुने कागद सापडलेत, ते कोणाला दाखवावेत कळत नाही, आणि तुमचा मित्र म्हणतो की विद्यापीठाची लायब्ररी म्हणजे पीएचडीवाल्यांची आणि स्पर्धा परीक्षावाल्यांची जागा, तुझं तिथे काय काम. तुमच्या मित्राचं हे वाक्य वाचून मी लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी नोकरीत असताना आमच्या वरच्या साहेबांच्या तोंडून ऐकत आले. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल होते, शेवटची बरीच वर्षं दुर्मिळ विभागात. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना हे वाचून कळेलच.

आधी प्रवेशाचं सांगते. बहुतेक विद्यापीठांत बाहेरच्या माणसाला संदर्भासाठी बसू देतात, म्हणजे तिथेच वाचायचं, घरी न्यायचं नाही. आधार कार्ड, एक अर्ज, काय बघायचंय ते दोन ओळींत, कुठे थोडी फी, कुठे अनामत रक्कम. माजी विद्यार्थी असाल तर वेगळं सदस्यत्व मिळतं. विकत घेतलेली जर्नल्स कॅम्पसवरच्या कॉम्प्युटरवरच उघडतात, बाहेरच्याला तिथे बसून बघता येतील की नाही हे प्रकाशकाबरोबरच्या करारावर असतं. 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारने सगळ्यांसाठी एकत्र घेतलेली जर्नल्सची वर्गणी, सुरू झालंय पण ते सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थी-शिक्षकांना, तुम्हाला मला नाही. पीएचडीचे प्रबंध मात्र शोधगंगा या वेबसाइटवर घरबसल्या फुकट वाचा, ती चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या लोकांनी ते फार चांगलं काम केलंय, तुमच्या तालुक्यावर, तुमच्या गावच्या बाजारावर कोणीतरी पीएचडी केलेली असते आणि गावात कोणाला पत्ता नसतो.

आता मित्राच्या म्हणण्याबद्दल. विद्यापीठाचं ग्रंथालय प्राध्यापकांच्या पगारातून उभं राहिलेलं नाही हो. मुंबई विद्यापीठाचं राजाबाई टॉवरखालचं ग्रंथालय बघा, 1864 मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी 2 लाख रुपये दिले, मग टॉवरसाठी आणखी 2 लाख, आईचं नाव दिलं, 1878 मध्ये काम पुरं झालं. कापसाच्या आणि शेअरच्या धंद्यातला माणूस, मास्तर नव्हे. पुण्यात भांडारकर संस्थेत जो मोठा हस्तलिखित संग्रह आहे तो मुंबई सरकारने 1866 पासून ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा संस्कृत पंडितांना गावोगाव पाठवून गोळा केला, आधी तो डेक्कन कॉलेजात होता, 1918 ला संस्थेकडे आला. त्यातली ऋग्वेदाची 30 हस्तलिखितं 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक नोंदीत गेली, एक तर काश्मीरचं, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेलं. हे सगळं आलं कुठून? कोणाच्या तरी घरच्या माळ्यावरून, देवघरातून, फडताळातून. लोकांच्या घरातून आलेली वस्तू लोकांनाच बघायला मिळू नये हे मला कधीच पटलं नाही आणि यावरूनच साहेबांशी माझं वाजायचं.

साहेबांचं म्हणणं असं की दुर्मिळ संग्रह कुलूपबंद ठेवला तरच टिकतो. विद्यापीठाचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची टीम येणार असली की काचेच्या कपाटात चार पोथ्या, लाल कापड, नावाच्या चिठ्ठ्या, फोटो. टीम गेली की कुलूप. आमच्याकडे मोडी कागदांचे बरेच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते, कुठल्या कुठल्या घराण्यांनी पूर्वी दिलेले, आणि त्यांची नोंद होती फक्त अ‍ॅक्सेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे आलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत, एकेका रुमालाला एकेक ओळ. विषयाच्या रकान्यात कुठे 'संकीर्ण', कुठे 'धार्मिक', कुठे नुसती आडवी रेघ. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवरच्या यादीत, शोधलं तर यातलं काहीच यायचं नाही. म्हणजे वाचकाच्या दृष्टीने ते कागद अस्तित्वातच नाहीत, कपाट कितीही मजबूत असू दे.

मी मागे लागून लागून शनिवारचा मोडी वर्ग सुरू करायला लावला, सगळ्यांसाठी खुला. साहेबांनी सही केली ती विस्तार कार्यक्रमाच्या रकान्यात काहीतरी दाखवायला लागतं म्हणून. मला वाटलेलं इतिहासाचे विद्यार्थी येतील, ते आले थोडे, पण जास्त आले ते बाहेरचे. एक पोस्टातून रिटायर झालेल्या बाई, एक शिंपीकाम करणारा मुलगा ज्याला लिपीचीच आवड, दोन वकील ज्यांना जुन्या सातबाऱ्याच्या आधीचे कागद वाचायला लागतात, आणि एक गृहस्थ जे कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा शिकायला आले होते असं म्हणता येणार नाही, त्यांना मोडी आमच्या शिकवणाऱ्या सरांपेक्षा चांगली यायची, ते सोबतीला यायचे.

मोडी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जायचं, शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्वदीर्घ नाही, विरामचिन्ह नाही. अक्षरओळख होते पटकन, पण खरा कागद समोर आला की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हेच कळत नाही. म्हणून सरावाला मी आमच्याच रुमालातल्या कागदांच्या फोटोकॉपी वाटायचे. एका शनिवारी 'धार्मिक, संकीर्ण' अशी नोंद असलेल्या रुमालातलं एक पान अण्णांच्या हातात गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ नेला आणि आधी शेवटची ओळ वाचली. रेकॉर्डवाल्यांची ही पद्धतच, आधी तारीख. इसन्ने सबैन मया व अलफ. मग बोटावर हिशोब, इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन, ही मराठेशाहीच्या कागदांवरची कालगणना, 1172, त्यात 599 मिळवा, 1771. मृगापासून नवीन वर्ष धरतात म्हणून तारीख जानेवारीपासून मृगाच्या आधीपर्यंतची असेल तर 600 मिळवायचे, हेही त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं. आणि मग वर जाऊन वाचायला लागले तर त्यात धार्मिक काहीच नाही. दोन गावांचं पाटाच्या पाण्यावरून भांडण. कोणाची पाळी किती दिवस, कोणी रात्री बांध फोडला, कोणत्या पाटलाने साक्ष दिली.

'धार्मिक' नोंद का झाली असेल? कागदाच्या डोक्यावर 'श्री' होतं म्हणून. अहो त्या काळात कर्जाच्या खतावरसुद्धा वर 'श्री' असायचं! नोंद करणाऱ्याला मोडी येत नव्हती, त्याला जे देवनागरीसारखं एक अक्षर ओळखू आलं त्यावरून त्याने रकाना भरला आणि पुढे पन्नासेक वर्षं कोणी तो रुमाल सोडला नाही. तो सगळा रुमाल पाण्याच्या तंट्याचाच निघाला. आणि आमच्याच विद्यापीठात, दोन इमारती सोडून, एक मुलगी जुन्या पाटबंधाऱ्यांवर पीएचडी करत होती आणि कागदांसाठी पुण्या-मुंबईच्या दफ्तरखान्यांत खेटे घालत होती. तिला बोलावून मी तो रुमाल समोर ठेवला तेव्हा ती काही बोललीच नाही, सरळ वही काढून उतरवायला बसली, संध्याकाळी दिवे घालवेपर्यंत.

रंगनाथन 1924 पासून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते, त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच असा आहे की पुस्तकं वापरासाठी आहेत. आम्ही सगळे हे परीक्षेत पाठ करून पास झालेलो. त्या दिवशी तो नियम माझ्या डोळ्यांसमोर खरा झाला आणि तो खरा करणारा माणूस विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हता, प्राध्यापक नव्हता, ज्याला तुमचा मित्र म्हणतो तुझं तिथे काय काम, त्यातलाच होता.

साहेबांची प्रतिक्रिया काय, तर फोटोकॉपीला परवानगी कोणी दिली. पुढच्या वर्षी वर्ग बंद, त्या हॉलमध्ये अभ्यासिका. कारण लेखी दिलं, बाहेरच्या लोकांमुळे संग्रहाला धोका.

धोक्याचं मी तुम्हाला खरं काय ते सांगते. दुर्मिळ विभागात मी जेवढं नुकसान बघितलं ते गळक्या छताने, कसरीने, वाळवीने आणि आपल्याच माणसांच्या डागडुजीने केलेलं. फाटलं की लावा सेलोटेप. काही वर्षांत टेपचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि अक्षरासकट तो तुकडा जातो. त्याहून वाईट लॅमिनेशन, गरम प्लास्टिकमध्ये कागद कायमचा अडकला, तो परत निघत नाही. अजून एक, लोकांना वाटतं जेवढं जुनं तेवढं नाजूक. उलट असतं बऱ्याचदा. 1771 चा तो हातकागद मऊ होता, घडी उलगडली तरी तुटला नाही, कारण तो चिंध्यांच्या आणि तागाच्या धाग्यांचा. आणि 1940 च्या दशकातली वर्तमानपत्रांची बांधीव फाइल उघडली की कडा टेबलावर भुग्यासारख्या पडतात, कारण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतूनच जळत जातो. त्याला कुलूप लावून काय उपयोग? तो कुलपातही जळतोच. त्याचं स्कॅनिंग आधी करायला पाहिजे, आणि स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत निर्लेखनात, म्हणजे नोंदीतून कमी करून रद्दीत, काढायची नाही, हे मी मीटिंगमध्ये बोलायचे तेव्हा सगळे घड्याळ बघायचे. स्कॅनमध्ये कागदाचा पोत, शिक्का, समासातली दुसऱ्या शाईतली ओळ, मागच्या बाजूचा पत्ता हे नेमकं सुटतं, आणि स्कॅन करणारा मागची बाजू कोरी समजून सोडून देतो हे मी स्वतः बघितलंय.

तुमच्या कागदांचं म्हणाल तर प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर आजच बाहेर काढा, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा, खळ घातलेलं कापड नको, किडे खळीला येतात. पिना, स्टेपल काढा, गंजाचे डाग पडतात. घडी घट्ट असेल तर ओढाताण करू नका. फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, कागद ज्या क्रमाने सापडले त्या क्रमाने, क्रम मोडू नका, कुठला कागद कुठल्याबरोबर बांधलेला होता यावरून पुष्कळ कळतं. मग विद्यापीठात गेलात की काउंटरवर विचारू नका, तिथे पुस्तक देणंघेणं चालतं. दुर्मिळ किंवा हस्तलिखित विभागाचा माणूस कोण ते विचारून त्याला भेटा.

द्यायचे असतील तर सरळ उचलून देऊन येऊ नका. यादी करा, दोन प्रती, एकीवर सहीशिक्का घ्या. पत्रात लिहून घ्या की संग्रह एकत्र राहील, नोंद अमुक मुदतीत होईल आणि कोणालाही अर्ज करून बघता येईल. हे शेवटचं कलम ते खोडायला सांगतील, खोडू नका. नोंद होणार नसेल तर कागद घरी ठेवा, घरी निदान तुम्हाला माहीत आहे की ते आहेत.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं व्हायचं. चोऱ्या होतात, जगभर झाल्यात, नकाशे ब्लेडने कापून नेलेत लोकांनी. त्यामुळे बॅग बाहेर ठेवायला लावली, पेन काढून पेन्सिल दिली, समोर माणूस बसवला तर रागावू नका, ते बरोबरच आहे, शाईचा एक थेंब पडला तर निघत नाही. आणि अभ्यासिकेतल्या पोरांबद्दल माझ्या मनात काही नाही, खोलीत सहाजण राहणाऱ्या मुलाला शांत टेबल मिळायलाच पाहिजे. पण त्यांच्या नावावर मोडी वर्गाचा हॉल घेतला हे मला पटलं नव्हतं आणि आजही नाही, कारण वर्ग शनिवारी दोन तास असायचा आणि हॉल आठवडाभर रिकामा. दोन्ही बसलं असतं. हे मी साहेबांना तेव्हा सांगितलं होतं, लेखी पण दिलं होतं, आवक क्रमांकासह.

नंतर आलेल्या ग्रंथपाल बाईंनी वर्ग परत सुरू केला, आता रुमालांच्या याद्या वर्गातलेच लोक करतात आणि ओपॅकवर टाकतात, सगळे नाही झाले अजून. तुमच्या जवळच्या विद्यापीठात असा वर्ग आहे का ते विचारा. नसेल तर ग्रंथपालांच्या नावाने साधा अर्ज द्या, मोडी वर्ग सुरू करावा म्हणून, ओळखीच्या आणखी चारजणांच्या सह्या घेऊन, आणि पोच घ्यायला विसरू नका. मित्रालाही घेऊन जा, पाचवी सही त्याची.