झपझप चालणं आणि वनस्नान

प्रश्न : मी रोज पहाटे वेताळ टेकडीवर पाऊण तास झपझप चालते. मग ‘वनस्नान’ म्हणजे आणखी काय करायचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, चालणं मुळीच सोडू नका, तो व्यायाम आहे. वनस्नानात मात्र कुठे पोहोचायचंच नसतं, झाडापाशी निवांत बसून नुसतं ऐकायचं, हुंगायचं असतं. ‘शिनरिन-योकू’ हा वनस्नानासाठीचा जपानी शब्द जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये पुढे आणला. नागानो भागातलं आकासावाचं हिनोकी वृक्षांचं रान त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला हिनोकी कशाला हवा?

मी आठवड्यातून एकदा फोन घरी ठेवून टेकडीवरच्या एका सालईच्या झाडापाशी बसते. पहिली दहा मिनिटं डोक्यात भाजी आणि विजेचं बिलच असतं. असू द्यावं. मग हळूहळू कान उघडतात. सालईची साल कागदासारखी सुटते, वाऱ्याने तिचा पापुद्रा बारीक फडफडतो. हा आवाज मला तिथे वर्षभर जाऊनही ऐकू आला नव्हता, कारण मी चालत होते! साल ओढू नका, नुसती हुंगा.

रक्तदाबाची गोळी घेत असाल तर ती मात्र चालूच ठेवा, आणि पहिल्यांदा वीसच मिनिटं बसा.